सतरा नंबरचं जस्त

जस्ताच्या खोलीच्या दाराशी मी थांबले आणि सवयीनं उजवं मनगट डाव्या हातात धरलं. मनगटावर काही नव्हतं. बांगड्या काढायच्या तर त्या आधी हातात असाव्या लागतात, एवढं लक्षात यायला मला थोडा वेळ लागला. दाराबाहेरच्या फळीवर श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा होता, झाकण लावलेला. माझ्या बांगड्या त्यात होत्या. मी डबा उघडला नाही. हात धुतले, हवेत धरून वाळवले आणि आत गेले.

माझा नवरा दिनकर जाऊन तेव्हा महिना होत आला होता.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. नागपुरातल्या एका मेडिकल कॉलेजच्या बायोकेमिस्ट्री विभागात मी घटाटे सरांच्या हाताखाली पीएचडी करत होते. विषय होता माणसाच्या तांबड्या रक्तपेशींतलं जस्त. हे जस्त पेशीत सुटं हिंडत नाही. त्यातलं बहुतेक सगळं एकच एन्झाइम धरून बसलेलं असतं. आपण श्वास बाहेर सोडतो, त्या कामाचं ते एन्झाइम. उरलेल्यातलं थोडं दुसऱ्या एका एन्झाइमकडे असतं आणि चिमूटभर इकडेतिकडे चिकटलेलं. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांच्या पेशींत ही वाटणी बदलते का, ते मला बघायचं होतं.

अडचण अशी की जस्त सगळीकडे असतं. बादलीच्या पत्र्यावर, रबराच्या बुचात, तोंडाच्या पावडरीत, जखमेवर लावायच्या चिकटपट्टीत, पितळेच्या प्रत्येक वस्तूत. आम्ही मोजायचो ते इतकं थोडं, की हातावरची धूळ नळीत पडली तरी आकडा दुप्पट व्हायचा. म्हणून सरांनी एक खोली वेगळी काढली होती आणि तिचा एकच कडक नियम होता. आत येणाऱ्याच्या हातात काही नको. घड्याळ नको, अंगठी नको, बांगडी नको. बांगड्यांवरची सोनेरी चमकी झडते आणि त्या चमकीत जस्त असतं, हे सरांनी स्वतः मोजून बघितलं होतं.

लग्न झालं तेव्हा माझ्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा होता. आठवड्याभरात मी कामावर रुजू झाले आणि दाराशी तो काढून डब्यात ठेवायला लागले. संध्याकाळी निघताना पुन्हा भरायचा. एकदा घरी बोलण्याच्या भरात हे सासूबाईंना सांगून बसले. त्या भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. सवाष्ण बाईचा हात दिवसभर उघडा ठेवायचा म्हणजे काय, हे त्यांना पटेचना. त्यांनी नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना मध्ये घातलं. नाना मिलमधून रिटायर झालेले, वादात न पडणारे गृहस्थ. ते उठून पान आणायला गेले.

दिनकर मात्र हसत सुटला. तो पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवायचा. आईला म्हणाला, अगं, तिथं हातावरचं जस्त चालत नाही, फक्त रक्तातलं चालतं.  पण त्यानंतर रोज संध्याकाळी मी उंबरठा ओलांडला की सासूबाईंची नजर आधी माझ्या मनगटाकडे जायची.

आमच्या लॅबमध्ये आणखी एक रीत होती. सिकलसेलचे रुग्ण ओपीडीतून मिळायचे, पण तुलनेला निरोगी माणसं लागायची आणि ती आम्ही आपापल्या घरातून आणायचो. सरांचा जावई झाला होता, टायपिस्टचे दोन्ही भाऊ झाले होते. मग दिनकरचा नंबर लागला. नळीवर नाव लिहायचं नाही, नुसता नंबर, हाही सरांचाच नियम. दिनकर नॉर्मल सतरा झाला. बाही खाली ओढत तो मला म्हणाला, "म्हणजे मी आतून गॅल्व्हनाइज्ड, जस्ताचा मुलामा दिलेला. आता गंजायची भीती नाही."

नंतर त्यानं विचारलं, की हे जस्त दिसतं का. मी म्हटलं, नाही. काचेच्या उभ्या नळीतून रक्त सोडलं की लाल भाग आधी खाली उतरतो. तो संपला की मागून जे येतं ते पाण्यासारखं असतं, आणि बहुतेक जस्त त्यातच असतं.

"दिसत नाही तर आहे हे कशावरून?"

"ज्योतीत घातलं की मशीन सांगतं."

त्याला हे फार आवडलं. दोन दिवस तो ज्याला त्याला सांगत फिरला. त्याचं रक्त मी धुऊन, पेशी फोडून एका कुपीत फ्रीजरला ठेवलं. आधीचे नमुने संपले की मग त्याचा नंबर लागणार होता.

तो गेला तेव्हा मी जस्ताच्या खोलीत होते. ऑफिसातून शिपाई बोलवायला आला, फोन आहे म्हणाला. वर्धा रोडवर त्याच्या स्कूटरला ट्रकनं मागून उडवलं होतं. मी तशीच निघाले. रिक्षात बसल्याचं आठवतं, नंतरचं तुटक तुटक आठवतं. दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं.

संध्याकाळी घरी बायका जमल्या. जे करायचं असतं ते करायला नानांची बहीण, आत्याबाई, माझ्याजवळ येऊन बसल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. मनगट मोकळं होतं. दुसरा हात बघितला, तोही मोकळा. फोडायला काही नव्हतंच. आत्याबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिचा हात तर आधीचाच मोकळा आहे."

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून माझ्या हातांकडे बघितलं. त्या काही म्हणाल्या नाहीत. पुढे कितीतरी दिवस, त्या कधी म्हणतील याची मी वाट बघत राहिले.

मला रडू आलं नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. भेटायला येणाऱ्या बायका माझ्याकडे बघून एकमेकींकडे बघायच्या. मला सगळं ऐकू यायचं, समजायचं, पण ते दुसऱ्या कुणाच्या घरात चाललं आहे असं वाटायचं. जेवणाला चव नव्हती आणि चव नाही याचंही काही वाटत नव्हतं. तेरा दिवस झाल्यावर मी कामावर जायला लागले. घरी कोणी अडवलं नाही.

पहिल्याच दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते बराच वेळ टेबलावरचा काचेचा गोळा फिरवत बसले. दुःखाचं बोलणं त्यांना कधी जमायचं नाही. शेवटी म्हणाले, "सुनंदा, सतरा नंबर आपण गाळू. दुसरा नॉर्मल घेऊ. माझा भाचा येतोय पुढच्या आठवड्यात."

मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी मान हलवली. राहू द्या म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही ते सांगता आलं नसतं. मी सतरा नंबर कामालाही घेतला नाही आणि टाकलाही नाही. रोज सकाळी फ्रीजर उघडून कुपी जागेवर आहे का तेवढं बघायची. वरची बर्फाची साय बोटानं पुसायची, नंबर वाचायची, झाकण लावायची. दिवसभरात मी मनापासून एवढीच एक गोष्ट करत होते.

एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता सासूबाईंनी विचारलं, "त्यानं तुमच्या कॉलेजात रक्त दिलं होतं ना? ते कुठं हाय?"

मी सांगितलं की फ्रीजरमध्ये आहे.

"अजून हाय?"

"हो."

त्यांनी पोळी तव्यावर टाकली, उलटली, काढली. मग सावकाश म्हणाल्या की रस्त्यावर सांडलं ते लोकांनी पाणी ओतून धुऊन टाकलं. दहनाला घाटावर पुरुष गेले, आपण दोघी घरातच राहिलो. अस्थी नानांनी रामटेकला सोडल्या. सगळा मोकळा झाला तो, आणि तेवढं रक्त मात्र बर्फात कोंडून ठेवलं. "मोकळं कर त्याले," असं म्हणून त्यांनी पुढची पोळी घेतली.

मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि तो राग होता. मी म्हटलं, "आई, मला ते तिथंच राहू द्यायचं आहे." यावर त्यांनी वाद घातला नाही. माझ्या ताटात मात्र त्या दिवशी त्यांनी स्वतः वाढलं नाही.

आठवड्याभरानं, दुपारच्या सुमाराला, त्या लॅबमध्ये आल्या. हातात माझ्यासाठी जेवणाचा डबा होता, खरं तर माझा डबा मी सकाळी बरोबर नेलाच होता. दोन सिटी बस बदलून एकट्या आल्या होत्या. सरांनी त्यांना खुर्ची दिली. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि त्यांनी सरळ सरांनाच विचारलं, की माझ्या मुलाचं रक्त मला घरी नेता येईल का.

सर गडबडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी खाली बघत होते. मग ते म्हणाले, की दिनकररावांनी ते अभ्यासासाठी दिलं होतं, तेव्हा त्याचं काय करायचं ते सुनंदानं ठरवावं. यात कुणी तिच्यावर बळजबरी करायची नाही.

"अभ्यास झाला का त्याचा?" सासूबाईंनी मला विचारलं.

"नाही."

"मंग काहून ठेवलं? त्यानं तर अभ्यासासाठी दिलं होतं."

 त्यांनी पुढे विचारलं, की अभ्यास म्हणजे त्याचं काय करता. मी सांगायला लागले. आधी काचेच्या नळीतून सोडतो, लाल वेगळं होतं, मागचं पाण्यासारखं वेगळं. मग एकेक भाग ज्योतीत घालतो.

"ज्योतीत म्हणजे आगीत?"

"हो. मशीनची ज्योत असते."

 मग त्यांनी आणलेला डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "तेच कर मंग. मी पाह्यला येतो."

मी सरांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. उद्या या, एवढंच माझ्या तोंडून निघालं, आणि ते निघाल्यावर मला समजलं की माझी कुपी आता माझी राहिलेली नाही.

त्या गेल्यावर मी सतरा नंबर बाहेर काढला. बर्फ सुटायला वेळ लागतो. मी तो मुठीत धरून बसले, जे कधी करू नये. कुपी ओली झाली, मग थंड राहिली नाही. मी ते नळीच्या तोंडाशी सोडलं आणि थंड खोलीत स्टुलावर बसून बघत राहिले. लाल पट्टा नळीत भरलेल्या पांढऱ्या जेलमधून उतरू लागला. नॉर्मल नमुन्यांत सोळा वेळा मी हे बघितलं होतं आणि सतराव्यांदा काही वेगळं झालं नाही. तसाच लाल, तसाच सावकाश. तो खालच्या टेस्टट्यूबांमध्ये थेंबाथेंबानं पडला, फिका होत गेला आणि संपला. नंतरच्या टेस्टट्यूबा पाण्यासारख्या. मी त्या सगळ्या ओळीनं रॅकमध्ये लावल्या आणि पॅराफिन कागदानं तोंडं बंद केली. मला गारठल्यासारखं झालं होतं, पण ते खोलीमुळे असेल असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई वेळेवर आल्या. नऊवारी लुगडं धुतलेलं, केस ओले. घाटावर जायला निघालेल्या माणसासारखं त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. जस्ताच्या खोलीच्या दाराशी आम्ही आलो आणि मला नियम आठवला. त्यांच्या दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या भरगच्च बांगड्या होत्या, पुढेमागे सोनेरी चमकीच्या पाटल्यांसारख्या दोन दोन. नाना घरी होते, ठणठणीत होते.

मी म्हटलं, "आई, तुम्ही इथून दारातून बघा. दिसतं इथून."

"दारातून काय दिसंल? आत काहून नाई?"

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. बोलावं लागलं नाही. त्यांनीही आपल्या हातांकडे बघितलं. आत मशीनचा पंखा चालू होता, त्याचा आवाज येत होता. सर पॅसेजच्या टोकाला उभे होते. ते पुढे येऊन हळूच म्हणाले, की आज नियम बाजूला ठेवू, एका दिवसानं काही बिघडत नाही. ज्या माणसानं स्वतःच्या विभागप्रमुखाला अंगठीसाठी दारातून परत पाठवलं होतं, तो हे म्हणत होता.

"नाई," सासूबाई म्हणाल्या. "त्याचं बरोबर मोजलं पाह्यजे."

त्यांनी अंगठा तळव्यात दाबला आणि एकेक बांगडी उतरवायला सुरुवात केली. त्या घट्ट बसल्या होत्या, वर्षानुवर्षं काढलेल्या नव्हत्या. एक तडकली. तडकलेली त्यांनी बाजूला ठेवली आणि पुढची काढली. मी डब्याचं झाकण उघडून धरलं. आत माझ्या होत्या, त्या दिवशी ठेवल्या तशाच. त्यांनी त्या बघितल्या, आणि आपल्या त्यांच्यावरच ठेवल्या. त्यांच्या मनगटावर पांढरट वळ उमटले होते. मी त्यांचे हात नळाखाली धरून धुतले आणि हवेत धरायला सांगितलं.

ज्योत निळी असते, बोटभर उंच, लांबट. मी जस्ताचं माप आधीच माहीत असलेले स्टँडर्ड चढवले, आकडे बघितले, मग पहिली टेस्टट्यूब घेतली. मशीनची बारीक नळी टेस्टट्यूबमध्ये बुडवली की ती आतलं ओढून घेते आणि फवारा करून ज्योतीत सोडते. लाल टेस्टट्यूब आली तशी निळी ज्योत एकदम पिवळी झाली. सासूबाईंनी हात जोडले.

ते मिठामुळे होतं, प्रत्येक नमुन्याला होतं. मी सांगितलं नाही.

लाल संपलं आणि पाण्यासारख्या टेस्टट्यूबा आल्या. ज्योत तशीच पिवळी, पण आकडा चढायला लागला. चढला, चढला, मग उतरला. मी लिहीत गेले. माझा हात नेहमीसारखा चालत होता. त्या म्हणाल्या, की आत्ता जे जळतंय त्यात काही दिसत नाही. मी म्हटलं, जे काही आहे ते यातच आहे. शेवटची टेस्टट्यूब त्यांच्या हातात दिली आणि नळीखाली कशी धरायची ते दाखवलं. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि रिकामी होईपर्यंत हलवली नाही.

सगळं ज्योतीत जात नाही. बरंच खाली पाइपमधून एका कॅनमध्ये उतरतं. तेही त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी विचारल्यावर मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग पाण्यातबी गेला." सगळं झाल्यावर आम्ही तो कॅन मागच्या आवारात नेऊन कडुलिंबाच्या मुळाशी रिता केला.

परत येताना त्यांनी विचारलं, "किती निघालं?"

मी सांगितलं, जेवढं असायला हवं तेवढंच. वाटणीही बरोबर. कशात काही कमी नाही, काही जास्त नाही.

"नॉर्मल होता म्हणजे."

"हो, आई."

दाराशी फळीजवळ त्या थांबल्या. डबा उघडून त्यांनी आपल्या बांगड्या वेचून घातल्या, मोजल्या नाहीत. मी पाठ करून पांढरा कोट काढत होते. तेवढ्यात त्यांनी माझा हात ओढला. अंगठा तळव्यात दाबला, बोटं एकत्र केली, कासारीण करते तसं, आणि माझी पहिली बांगडी मनगटावर चढवली.

मी हात मागे घ्यायला लागले. म्हटलं, आई, लोक काय म्हणतील, आत्याबाई काय म्हणतील. त्यांनी हात सोडला नाही.

"मी आज काढल्या," त्या म्हणाल्या. "नाना घरी चहाची वाट पाहून राहिले असतील. त्यायले काई झालं नसंल. होय का नाई?"

मी मान हलवली.

"मंग तुह्या काढण्यानंबी काई झालं नाई. समजलं?"

त्यांनी दुसरी चढवली, तिसरी चढवली. त्यांचा आवाज अगदी रोजचा होता, पोळ्या लाटतानाचा. "उद्यापासून येताना घालून येत जा. इथं काढत जा. जाताना घालत जा. पहिले करत होतीस तसं."

मग त्यांनी माझा दुसरा हात घेतला. महिनाभर जे आलं नव्हतं ते रडू मला तिथं, पॅसेजमध्ये, शिपायासमोर, सरांसमोर आलं. मी मोठ्यानं रडले. मला हात वर करून डोळेही पुसता येईनात, कारण त्या बांगड्या भरत होत्या आणि सगळ्या भरून होईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.